विदर्भातून पुरी : देवळाच्या घड्याळावर चालणारी सहल

झाडीपट्टीतला धान कापून, मळून विकला गेला की जानेवारीत हात मोकळे होतात. ओडिशातल्या जगन्नाथ पुरीला जायला हाच काळ चांगला. कपाशीवाल्यांचा शेवटचा वेचा बाकी असेल, तर त्यांनी फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरावा. नाताळ ते 1 जानेवारी हा आठवडा मात्र टाळा. तेव्हा बंगालातून एवढी गर्दी लोटते की खोली, रिक्षा आणि दर्शनाची रांग तिन्ही हाताबाहेर जातात. कार्तिक महिन्यातही तेच. ज्येष्ठ पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यात तर जगन्नाथाचं दर्शनच बंद असतं. स्नानयात्रेनंतर देव आजारी पडतात अशी श्रद्धा आहे, त्या काळाला ‘अणसर’ म्हणतात. पेरणीआधी एक फेरी मारू म्हणून निघालेली माणसं नेमकी या दिवसांत सापडतात आणि बंद दारातून परततात. चुकून तेव्हा पोचलातच, तर ब्रह्मगिरीच्या अलारनाथाला जा. भाविक त्या दिवसांत तिथेच दर्शन घेतात आणि तिथली खीर प्रसिद्ध आहे.

पुरीत पहिल्या तासापासून एक गोष्ट धरून चला : या शहराचं जेवण, गर्दी, रिक्षांचे भाव, दुकानांची वेळ, सगळं देवळाच्या नित्यक्रमावर हलतं. कागदावर ‘सकाळी दर्शन, दुपारी कोणार्क, संध्याकाळी समुद्र’ असं लिहून आणलं की तिन्ही अर्धवट होतात. देवळाला एक अख्खा दिवस द्या.

पहिला दिवस : गाडीत

अहमदाबाद–पुरी एक्स्प्रेस अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर, गोंदिया करत रायपूर, टिटलागढमार्गे पुरीला जाते. ती रोज नसते, म्हणून आधी वार बघा आणि मग सुट्टी ठरवा. ब्रह्मपुरी, वडसा, नागभीड, मूल इकडच्या लोकांनी नागपूरला उलटं जाऊ नये. बल्लारशा–गोंदिया लाइनीने गोंदियाला येऊन तिथून बसणं सोयीचं. पण त्या लाइनीवर गाड्या थोड्या आहेत, मध्ये चार-पाच तासांची सवड ठेवा. यवतमाळकरांना वर्धा जवळ पडतं.

नागपूरपासून जवळपास एक दिवसाचा प्रवास आहे. साध्या पोळ्या दुसऱ्या दिवशी ताठ होतात किंवा वास धरतात. पाण्याऐवजी दुधात मळलेल्या दशम्या टिकतात, कारण पीठ कमी ओलं राहतं आणि मऊपणा जात नाही. सोबत जवसाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी घ्या. ओला ठेचा नको, डबा सांडला की अख्ख्या पिशवीला वास लागतो. चटणीची पुडी पुरीतही कामी येते. तिथलं जेवण आपल्या जिभेला सौम्य आणि किंचित गोडसर लागतं.

दुसरा दिवस : खोली, भात आणि समुद्र

पुरी हे शेवटचं स्टेशन, त्यामुळे उतरायची घाई नसते. मुक्कामाला तीन भाग आहेत. स्वर्गद्वार म्हणजे बाजार, खाणं, समुद्र सगळं दाराशी, पण रात्री उशिरापर्यंत गोंगाट. चक्रतीर्थ रोड, ज्याला सगळे सीटी रोड म्हणतात, तो स्टेशनजवळ आणि शांत. तिसरा पर्याय म्हणजे देवस्थानची भक्तनिवासं : नीलाचल, नीलाद्री आणि पुरुषोत्तम. शेगावच्या भक्तनिवासात राहिलेल्या माणसाला ही व्यवस्था लगेच कळते. मंदिर प्रशासनाच्या संकेतस्थळावरून आधी खोली घ्या. स्टेशनवर ‘भक्तनिवास फुल आहे, चला दुसरीकडे’ म्हणणाऱ्याच्या रिक्षात बसू नका.

खोली बघताना एक तपासा : खिडक्या समोरासमोर आहेत का. विदर्भातल्या कोरड्या उन्हात कूलर चालतो, कारण पाणी उडून हवा गार होते. पुरीत हवेतच दमटपणा इतका की घामसुद्धा वाळत नाही. तिथे कूलर निरुपयोगी, वारा किंवा एसी हेच उपाय. धुतलेले कपडे वाळायला दीड दिवस लागतो, म्हणून एक जोड जास्त न्या.

दुपारचं पहिलं जेवण ओडिया थाळीचं असावं. स्वर्गद्वारावर बहुतेक खानावळी बंगाली पाहुण्यांसाठी आहेत. तिथे भात, मुगाची डाळ, बटाट्याची भाजी आणि माशाचा झोल मिळतो. ते वाईट नाही, पण रोहू आणि कतला आपल्या तलावांतही आहे. त्यासाठी समुद्राकाठी पैसे घालू नयेत. ओडिया थाळी असं स्पष्ट विचारा. त्यात डालमा असते : तूर किंवा मुगाच्या डाळीत कच्ची पपई, कच्चं केळं, भोपळा, वांगं शिजवून वरून ‘पंचफुटण’ची फोडणी. पंचफुटण म्हणजे जिरं, मोहरी, मेथी, बडीशेप आणि कलौंजी. सोबत परतलेली पालेभाजी, कुस्करलेल्या वड्यांचा ‘बडी चुरा’ आणि आंबटगोड ‘खटा’. उन्हाळ्यात पखाळ मागा. रात्रभर पाण्यात आंबवलेला हा भात दही, वड्या आणि तळलेल्या माशाबरोबर खातात. पेज-आंबील जाणणाऱ्याला तो परका लागत नाही. बऱ्याच ठिकाणी दुपारी पोळी नसते, ‘रुटी’ रात्रीच. ज्यांना भात सोसत नाही त्यांनी आधी विचारून बसावं. मासे बहुधा मोहरीच्या तेलात होतात. त्या वासाची सवय नसेल तर पहिल्या जेवणात थोडंच घ्या, दुसऱ्या दिवशी तोच वास आवडू लागतो.

समुद्रात उतरायचं ते ऊन कललं की. इथे गंभीरपणे सांगायचं आहे. वैनगंगेत, वर्धेत पोहणारी माणसं पुरीच्या समुद्रात फसतात, कारण नदीचा धोका डोहात असतो आणि इथला परतणाऱ्या पाण्यात. लाट अंगावर येते तेव्हा काही होत नाही. ती मागे फिरते तेव्हा पायाखालची वाळू खरवडून नेते, माणूस बसतो आणि पुढची लाट डोक्यावरून जाते. म्हणून मांडीभर पाण्यापुढे जाऊ नका, समुद्राकडे पाठ करू नका, लाटेला अंग तिरपं द्या. ओढ लागलीच तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर सरकावं, ओढीचा पट्टा अरुंद असतो. टोकदार पांढऱ्या टोप्या घातलेले नोलिया हे पिढ्यान्‌पिढ्या इथले जीवरक्षक. म्हातारी माणसं आणि मुलं असतील तर पैसे ठरवून एकाला सोबत घ्याच. ओली साडी पायांना गुंडाळते, बायकांनी सलवार-कुडता घालावा. मंगळसूत्र, अंगठ्या, चष्मा खोलीत ठेवा.

गोल्डन बीच या भागाला 2020 पासून ‘ब्लू फ्लॅग’ हे स्वच्छ किनाऱ्यांचं मानांकन आहे. थोडं तिकीट लागतं, पण कपडे बदलायला जागा, गोड्या पाण्याची आंघोळ आणि स्वच्छतागृह मिळतं. कुटुंबासाठी हाच बरा.

संध्याकाळी स्वर्गद्वारावर तळलेल्या मासळीच्या गाड्या लागतात. पापलेट, कोळंबी, खेकडे मांडलेले असतात. मासा स्वतः निवडा : कल्ले लाल, डोळे फुगीर, बोटाने दाबलं की खळगा भरून येतो, तर ताजा. भाव नगावर की वजनावर, आणि वजन साफ करण्याआधी की नंतर, हे तळणीत पडण्याआधी ठरवा. तेल काळपट आणि फेसाळ दिसलं तर पुढची गाडी बघा. आयुष्यात कोळंबी न खाल्लेल्यांनी पहिल्यांदा दोन-तीनच खाव्या. काहींना अंगावर पित्त उठतं आणि परगावी ती रात्र कठीण जाते. स्वर्गद्वार हे स्मशानही आहे, काठावरच चिता जळत असतात. तिकडे फोटो काढू नयेत.

तिसरा दिवस : देऊळ आणि महाप्रसाद

पहाटे पाचच्या सुमाराला मंगल आरती होते. ती गाठायची तर चारला उठणं आलं. जमत नसेल तर सकाळी सात-आठला पोचा. दिवसभरात भोग लागतो तेव्हा दर्शन थांबतं आणि रांग जागीच उभी राहते. हा खोळंबा नव्हे, देवाची जेवणाची वेळ आहे, हे घरच्या म्हाताऱ्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे जीव कासावीस होत नाही. काही वेळा बुधवारी ‘बनकलागी’ हा देवांच्या मुखावर रंग देण्याचा गुप्त विधी असतो, तेव्हा काही तास दर्शन बंद असतं. आदल्या दिवशी चौकशी करा.

आत मोबाइल चालत नाही, चामड्याचा पट्टा आणि पाकीट चालत नाही. 1 जानेवारी 2024 पासून फाटक्या जीन्स, अर्ध्या चड्ड्या, बिनबाह्यांचे कपडेही चालत नाहीत. पान, गुटखा, तंबाखूवरही बंदी आहे. आपल्याकडच्या माणसाच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असतेच, ती खोलीवरच ठेवा. झडतीत निघाली तर रांगेतून बाहेर काढतात आणि सोबतचे सगळे अडकतात. फोन आणि चपला ठेवायला देवस्थानची केंद्रं आहेत, बिल्ला सांभाळा. अनेकांनी मिळून एकच पिशवी केली तर लवकर सुटका होते. देवळात फक्त हिंदूंना प्रवेश आहे.

पूर्वेचं सिंहद्वार मुख्य. दक्षिणेला अश्वद्वार, पश्चिमेला व्याघ्रद्वार, उत्तरेला हस्तिद्वार. सिंहद्वारासमोर एकाच काळ्या दगडाचा सोळा पैलूंचा अरुणस्तंभ उभा आहे, साधारण 10 मीटर उंच. हा मूळचा कोणार्कचा. अठराव्या शतकात मराठ्यांच्या अमलात तो इथे आणून उभारला. नागपूरकर भोसल्यांकडे 1751 पासून ओडिशा होता, 1803 पर्यंत. त्या वर्षी आधी अडगावची लढाई झाली, मग गाविलगड पडला आणि 17 डिसेंबरला देवगावच्या तहात भोसल्यांनी कटक प्रांत इंग्रजांना सोडून दिला. अडगाव अकोल्याकडचं, गाविलगड चिखलदऱ्याचा, देवगाव अचलपूर भागातलं. म्हणजे पुरीचं राज्य बदलल्याची लिखापढी वऱ्हाडातल्या एका खेड्यात झाली. अरुणस्तंभापाशी उभं राहून मुलांना एवढं सांगावंच, शाळेच्या पुस्तकातल्या सनावळ्या त्यांना मग वेगळ्या दिसतात.

सिंहद्वारातून आत गेलं की बावीस पायऱ्या, ‘बाइसी पहाचा’. त्या ओल्या आणि गुळगुळीत असतात, म्हाताऱ्यांचा हात धरा. मुख्य शिखर साधारण 65 मीटर उंच आहे. बांधकाम बाराव्या शतकात अनंतवर्मन चोडगंगाने सुरू केलं. मूर्ती कडुनिंबाच्या लाकडाच्या आहेत : जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी नवकलेवर होऊन नव्या मूर्ती घडतात. असा प्रसंग 2015 साली आला होता.

पंड्यांबद्दल एवढंच : सोबत घ्यायचा असेल तर काय-काय दाखवणार आणि एकूण किती, हे बाहेरच ठरवा. नको असेल तर नम्रपणे नाही म्हणा आणि थांबू नका. दान अधिकृत काउंटरवर पावती घेऊन किंवा हुंडीत करा.

आता महाप्रसाद. पुरीतली सगळ्यात मोठी खानावळ म्हणजे देवळाच्या आवारातला आनंदबाजार. बाकी कुठेही जेवा-न जेवा, इथे जेवल्याशिवाय परतू नये. अन्न रोषघरात, म्हणजे देवळाच्या स्वयंपाकघरात, लाकडाच्या चुलीवर, मातीच्या भांड्यांत शिजतं. भांडी एकावर एक रचतात आणि सगळ्यात वरचं आधी शिजतं अशी श्रद्धा आहे. पाणी आवारातल्या गंगा-यमुना नावाच्या विहिरींचं. भांडं एकदाच वापरतात, दुसऱ्या स्वयंपाकाला नवं. कांदा, लसूण नाहीच, शिवाय बटाटा, टमाटर, कोबी यांनाही मनाई आहे. बाहेरून या देशात आलेल्या बऱ्याच भाज्या देवाच्या ताटात आल्या नाहीत. म्हणून इथली भाजी रताळं, अळकुड्या, भोपळा, कच्चं केळं, वांगं यांवर उभी आहे. तिखटाला मिरं. जगन्नाथाला आणि मग विमलादेवीला नैवेद्य दाखवल्यावर त्याचा महाप्रसाद होतो.

तो साधारण दुपारनंतर आनंदबाजारात येतो. वेळ पक्की नसते, भोग लांबला की तोही लांबतो. सकाळी भरपेट नाश्ता करून गेलं तर वाट बघणं सोपं जातं. मांडलेल्या मडक्यांत साधा भात, तुपातला गोडसर ‘कनिका’, खिचडी, डाळ, मोहरी वाटून केलेला ‘बेसर’, शाक आणि खीर असते. चौघांना भाताचं एक मध्यम मडकं, डाळीचं एक, बेसराचं एक आणि शाक पुरे. कनिका वेगळं थोडं घ्या. भाव गर्दीप्रमाणे हलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून, ‘सगळं मिळून किती’ ठरवून मगच मडकं उघडू द्या. जमिनीवर बसून पानावर जेवायचं. कोण कुठल्या जातीचा हे इथे विचारत नाहीत, एका मडक्यातलं सगळ्यांनी खायचं ही इथली जुनी रीत. पानात टाकायचं नाही, म्हणून आधी कमी घ्या. मुलांना बेसराची मोहरी नाकात जाते, त्यांना डाळ-भात आणि कनिका द्या.

दुपारी फरशी तापते, अनवाणी चालताना पाय पोळतात. जेवून सावलीत बसा किंवा खोलीवर जा आणि सूर्यास्ताच्या आधी परत या. शिखरावरच्या अष्टधातूच्या नीलचक्रावर रोज संध्याकाळी ध्वज बदलतात. चुनरा सेवक कसल्याही आधाराशिवाय शिखर चढतो. देवळाभोवतीच्या नव्या परिक्रमा मार्गावरून हे नीट दिसतं. हा मार्ग 17 जानेवारी 2024 ला खुला झाला. मग बडदांडावरून, म्हणजे रथ चालतो त्या रुंद रस्त्यावरून, फिरत-फिरत रथयात्रा जिथे पोचते त्या गुंडिचा मंदिराच्या दिशेने जा. अंतर जवळपास 3 किलोमीटर आहे, थकलेल्यांनी ई-रिक्षा करावी.

चौथा दिवस : कोणार्क

पुरीहून निघणाऱ्या सहलीच्या बस एकाच दिवसात कोणार्क आणि भुवनेश्वरकडची धौली, लिंगराज, उदयगिरी, नंदनकानन दाखवतो म्हणतात. कोणार्कला त्यात तासभर मिळतो. तासाभरात कोणार्क होत नाही. 35 किलोमीटरचा किनाऱ्याचा रस्ता आहे, साधी बस मिळते, पाच-सहा जण असाल तर ऑटो किंवा गाडी करा आणि सकाळी सातला निघा. दगड तापायच्या आत तीन तास मिळतात.

राजा नरसिंहदेव पहिला याने तेराव्या शतकात हे सूर्यमंदिर रथाच्या रूपात बांधलं : 24 चाकं, 7 घोडे. आज उभा आहे तो जगमोहन, म्हणजे पुढचा मंडप. मागचं उंच शिखर कधीच कोसळलं. मंडपही ढासळू नये म्हणून 1903 साली आतून वाळू भरून दारं बंद केली, त्यामुळे आत जाता येत नाही. 1984 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. भिंतींचा खोंडालाइट दगड खाऱ्या वाऱ्याने झिजतो. दाराच्या चौकटींचा हिरवट क्लोराइट मात्र अजून धारदार आहे. दोन्ही शेजारी-शेजारी बघा, दगडाची निवड किती मोलाची ते समजतं.

वाटाड्या घ्यावा, पण सरकारी ओळखपत्रवाला. चाकाचे आठ जाड आरे म्हणजे आठ प्रहर. प्रत्येकी तीन तास, मधले बारीक आरे दीड तासाचे. आसावर बोट धरून सावलीवरून तो वेळ सांगतो. ढग असले तर हे जमत नाही, म्हणूनही सकाळ बरी. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. परतताना 3 किलोमीटरवरच्या चंद्रभागा किनाऱ्यावर थांबा आणि कुशभद्रा नदीच्या मुखाजवळच्या रामचंडीला जा. पंढरपूरची चंद्रभागा मनात घेऊन आलेल्यांना इथे समुद्र दिसतो.

रात्रीचं एक जेवण सीटी रोडवरच्या बीएनआर हॉटेलात करायला हरकत नाही. बीएनआर म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे, 1887 ची. तिने आपल्या प्रवाशांसाठी काढलेलं हे रेल्वे हॉटेल, उंच छताचं आणि रुंद व्हरांड्याचं. खर्च इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे, हे लक्षात ठेवून जा.

पाचवा दिवस : चिलिका किंवा रघुराजपूर

दोन्ही एका दिवसात कोंबू नका. चिलिका सरोवरासाठी सातपाडा गाठायचं, पुरीहून साधारण 50 किलोमीटर. इथे इरावती डॉल्फिन दिसतात, पाठ आणि बोथट डोकं क्षणभर वर येतं एवढंच. उड्या मारणारे डॉल्फिन बघायला मिळतील या आशेने जाऊ नका. नाव अख्खी भाड्याने घेतात, तास आणि ठिकाणं ठरवून घ्या आणि जीवनजाकीट घातल्याशिवाय बसू नका. इंजिन बंद करून थांबणारा नावाडी चांगला, पाठलाग करणाऱ्याच्या नावेतून प्राणी दूर जातात. बेटावर उतरल्यावर कोणी शिंपला फोडून ‘मोती निघाला’ दाखवेल. तो आधीच आत ठेवलेला असतो, घेऊ नका. कालीजाई देवीच्या बेटाला जायचं असेल तर सातपाडा नव्हे, बरकुल-बालुगावकडून नावा सुटतात. ती सहल वेगळी.

पाण्याची भीती असणाऱ्यांनी रघुराजपूर करावं, 12-14 किलोमीटरवर. घराघरांत पट्टचित्रकार, म्हणजे कापडाच्या पटावर चित्रं काढणारे, आहेत. सुती कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवतात, वर खडूची भुकटी आणि खळ लावून वाळवतात आणि दगडाने घोटतात. पांढरा रंग शंखाचा, काळा काजळीचा, पिवळा हरताळाचा, लाल हिंगुळाचा. अस्सल पट कोपऱ्यात वाकवला तर कागदासारखा फाटत नाही आणि मागून कापडाची वीण दिसते. घासाघीस जपून करा, एका मोठ्या पटाला महिने लागतात.

सहावा दिवस : खाजा आणि परतीची गाडी

सकाळ बाजाराला. खाजा हा पुरीचा सुका प्रसाद, आपल्या चिरोट्याचाच भाऊ : मैद्याच्या लाटीचे थर, तळून साखरेच्या पाकात बुडवलेले. घेताना एक तुकडा मोडून बघा. थर सुटे पडले पाहिजेत आणि खवट वास नको. पाक ओलसर असेल तर डब्यात चिकटून गोळा होतो, वाळलेलाच मागा. पुठ्ठ्याचा डबा पिशवीच्या तळाशी ठेवला की चुरा होतो, वर ठेवा. गावात वाटायला देवळातल्या वाळवलेल्या भाताची, निर्माल्याची, छोटी पुडी मिळते. वजन काहीच नाही आणि घरोघरी दोन-दोन दाणे पुरतात.

छेनापोडही घ्या. छेना म्हणजे फाडलेल्या दुधाचा चोथा, त्यात साखर आणि थोडा रवा मिसळून सालच्या पानांत गुंडाळून भाजतात. कडा तपकिरी, आत ओलसर. तो दुधाचा आहे, गाडीच्या उकाड्यात दुसऱ्या दिवशी आंबतो. रायपूर यायच्या आत संपवा. खाजा गावापर्यंत नीट पोचतो.